ठिणगीचं अंथरूण चावतं!

माळावर एक चिंच. चिंचेवर एक घरटं. घरट्यात एक खार. आणि खारीचं एक एवढंसं पिल्लू.

पिल्लाचं नाव ठिणगी. होती मुठीएवढी, पण गप्प बसेल तर शपथ!

एक दिवस काय झालं? ठिणगीची झोप हरवली.

कुणी नेली? खाजेनं नेली!

ठिणगीच्या गुलाबी पोटावर लाल लाल पुरळ उठलं. डावीकडे खाजवलं, खर्र खर्र! उजवीकडे खाजवलं, खर्र खर्र! जरा डोळा मिटला की पुन्हा खर्र खर्र!

आईनं चाटून पाहिलं. पुरळ जाईना.

साळुंकी मावशी आली. "उष्णता झालीय पोरीला! तुळशीचा पाला लाव."

पाला लावला. संध्याकाळी पुरळ गेलं. सकाळी परत आलं!

होला काका आले. "घू घू! दात येत असतील. ओल्या मातीचा लेप लाव."

ठिणगीनं मोठ्ठा आ केला. "आले की दात! हे बघा!"

तरी लेप लावला. संध्याकाळी पुरळ गेलं. सकाळी परत आलं!

चिमणी काकू आली. "चिव चिव! दृष्ट लागलीय, दृष्ट! मीठ-मोहऱ्या ओवाळ."

ओवाळल्या. संध्याकाळी पुरळ गेलं. सकाळी परत आलं!

ठिणगी विचार करायला लागली. दिवसा फांदीवर लोळते, खाज कमी. रात्री घरट्यात झोपते, खाजच खाज. असं का?

"आई," ती म्हणाली, "अंथरूण चावतं."

सगळे हसले. खी खी! घू घू! चिव चिव!

"अंथरुणाला कुठं दात असतात?" साळुंकी मावशी म्हणाली.

"वेडाबाई," आई म्हणाली, "सोनेरी मखमल आहे ती! किती लांबून आणली मी. एवढं सुंदर घरटं अख्ख्या माळावर कुणाचं नाही."

मखमल दिसायला सुंदरच होती. एका वेलीला लागल्या होत्या सोनेरी शेंगा. शेंगांवर होती सोनेरी लव. आईनं ती लव घरट्यात अंथरली होती. आईच्या अंगावर दाट दाट केस. झोपताना नाक शेपटीत. आईला काही टोचेना. ठिणगीचं पोट उघडं. ठिणगीला सगळं टोचे.

"चावतं म्हणजे चावतं!" ठिणगी म्हणाली. "पोट माझं आहे! मला मऊ कापूस हवा. मी आणते जा!"

तिनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!

वाटेत लागलं सावरीचं झाड. उंच उंच. अंगावर काटे. डोक्यावर बोंडं.

"सावरमावशी, सावरमावशी, कापूस दे ना!
खाज काही जाईना!"

सावर म्हणाली, "कापूस आहे बोंडात. बोंड आहे मिटलेलं. ऊन पडल्याशिवाय मी बोंड उकलणार नाही!"

ठिणगीनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! चढली एका झाडाच्या अगदी शेंड्यावर. तिथून दिसला सूर्य. ढगाआडून एकच डोळा काढून बघत होता.

"सूर्यकाका, सूर्यकाका, ऊन पाड ना!
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

सूर्य म्हणाला, "मी केव्हाचा तापून बसलोय. पण हा ढग बघ, कसा मांडी घालून बसलाय! ढग हटल्याशिवाय मी ऊन पाडणार नाही!"

ठिणगीनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! चढली टेकडीवर. टेकडीवर टेकला होता ढग. लठ्ठ लठ्ठ, गुबगुबीत ढग.

"ढगमामा, ढगमामा, बाजूला हट ना!
ऊन पडेना,
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

ढग म्हणाला, "हटू? मी? अगं, मला पाय तरी आहेत का? वाऱ्यानं ढकलल्याशिवाय मी हटणार नाही!"

ठिणगीनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! गेली बांबूच्या बेटात. तिथं झोपला होता वारा. घुर्रर्र... फूस! घुर्रर्र... फूस!

"वारादादा, वारादादा, ऊठ ना!
ढग हटेना,
ऊन पडेना,
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

वाऱ्यानं कूस बदलली. म्हणाला, "मला बांबूच्या शिळेनंच जाग येते. शीळ वाजल्याशिवाय मी उठणार नाही!" आणि पुन्हा घुर्रर्र... फूस!

ठिणगीला आला राग. आपली झोप हरवलेली, आणि हा मजेत घोरतोय!

तिनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

वळली बांबूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु! वाऱ्याच्या घोरण्यानं बांबू डुलत होता. कुई कुई, कुई कुई!

"बांबूभाऊ, बांबूभाऊ, शीळ वाजव ना!
वारा उठेना,
ढग हटेना,
ऊन पडेना,
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

बांबू म्हणाला, "तोंड असल्याशिवाय शीळ कशी वाजेल? मला एकही भोक नाही. भुंग्यानं भोक पाडल्याशिवाय मी शीळ वाजवणार नाही!"

ठिणगीनं शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! एका वाळक्या ओंडक्यावर बसला होता भुंगा. काळा कुळकुळीत. गुंऽ गुंऽ!

"भुंगोजीराव, भुंगोजीराव, भोक पाडा ना!
शीळ वाजेना,
वारा उठेना,
ढग हटेना,
ऊन पडेना,
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

भुंग्यानं तिला वरून पाहिलं. खालून पाहिलं. म्हणाला, "गुंऽ! एवढीशी तू! लहान मुलांचं मी ऐकत नाही. आईनं सांगितल्याशिवाय मी भोक पाडणार नाही!"

"पण खाज मला सुटलीय!" ठिणगी म्हणाली. "आईला नाही!"

"ते मला माहीत नाही. जा, आईला घेऊन ये. गुंऽ!"

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते शेपटीनं पुसून टाकलं. शेपटी फुगवली. पाय आपटला. थाप!

"रडणार नाही, थांबणार नाही,
कापसाशिवाय झोपणार नाही!"

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु! आली चिंचेवर. आई घरट्याच्या दारात बसली होती. शेजारी साळुंकी मावशी, होला काका आणि चिमणी काकू.

"आई, आई, चल ना!
भुंगा ऐकेना,
शीळ वाजेना,
वारा उठेना,
ढग हटेना,
ऊन पडेना,
बोंड उकलेना,
कापूस मिळेना,
खाज काही जाईना!"

आई म्हणाली, "पुरे झाला हट्ट! एवढी छान मखमल असताना कापूस कशाला? मी नाही सांगणार भुंग्याला. चल, आत ये. जरा नीज."

ठिणगी आत गेली नाही. फांदीवर बसली. फांदी पायांनी घट्ट धरली.

"मी आत येणार नाही."

"फारच हट्टी हो पोरगी!" साळुंकी मावशी म्हणाली.

"घू घू! लाडानं बिघडलीय," होला काका म्हणाले.

"चिव चिव! आमच्या वेळी असं नव्हतं," चिमणी काकू म्हणाली.

ठिणगी हलली नाही.

"ये ना गं," आई म्हणाली. "चिंचोके देते."

"नाही."

"पडशील."

"नाही पडणार."

"असं गं काय करतेस?"

ठिणगी म्हणाली, "आई, तू झोप त्या मखमलीवर. पण नाक टेकवून झोप. तुझ्या नाकावर केस नाहीत. माझ्या पोटावरही नाहीत."

"बरं बाई, टेकवते नाक. मग तरी येशील ना?"

आई आत गेली. मखमलीवर नाक टेकवलं.

टेकवलं मात्र...

आक् छी! आक् छी!

खर्र खर्र! खर्र खर्र!

"अगं आई आई गं!" आई ओरडत बाहेर आली. नाक लाल लाल! "अगं, हे तर चावतं!"

"तेच तर मी सांगत होते!" ठिणगी म्हणाली.

साळुंकी मावशी चोच घासायला लागली. होला काका आभाळाकडे बघायला लागले. चिमणी काकू पंख साफ करायला लागली.

आई ठिणगीजवळ आली. तिनं लेकीचं पोट पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"एवढं चावत होतं तुला?" आई म्हणाली. "चल. मी येते भुंग्याकडे."

दोघी निघाल्या. एक मोठी, एक छोटी. तुरुतुरु, तुरुतुरु!

भुंग्यानं आईचं नाक पाहिलं आणि टुणकन मागे सरला. "बाप रे! सोनेरी शेंगांची लव लागली का? अहो, ती मखमल नाही. ती खाजकुयली! तिच्यावर मी चुकूनही बसत नाही!"

"हे माझ्या लेकीला आधीच कळलं होतं," आई म्हणाली. "भुंगोजीराव, माझं सांगणं एवढंच. माझी लेक सांगते ते ऐका."

भुंग्यानं ठिणगीकडे पाहिलं. आता वरून नाही, खालून नाही. सरळ समोर.

"बोला ठिणगीताई. काय करू?"

ठिणगीनं शेपटी फुगवली.

"पाडा भोक!"

मग काय!

भुंग्यानं भोक पाडलं, गुर्र गुर्र!
बांबूनं शीळ वाजवली, शूंऽऽ शूंऽऽ!
वारा दचकून उठला, सूं सूं!
वाऱ्यानं ढग ढकलला, हुप्प!
ढग बाजूला हटला, डुगू डुगू!
सूर्यानं ऊन पाडलं, लख्ख!
उन्हानं बोंड तापलं. सावरीनं बोंड उकललं, फट! फट! फटाक!

आणि कापूस! पांढरा पांढरा, हलका हलका! हवेत उडतोय, झाडांवर बसतोय, ठिणगीच्या मिशांना गुदगुल्या करतोय!

ठिणगीनं उडी मारली. टुणुक! एक पुंजका धरला. टुणुक! दुसरा धरला. आईनं तोंडभर घेतला. साळुंकी मावशी आली, चोचभर घेऊन. होला काका आले, चोचभर घेऊन. चिमणी काकूची चोच लहान. तिनं कापसाचा एक धागा आणला.

आईनं जुनं घरटं पानांत गुंडाळलं. खोल खड्ड्यात पुरून टाकलं. ओढ्यावर ठिणगीचं पोट धुतलं, चुबुक चुबुक. स्वतःचं नाकही धुतलं, चुबुक चुबुक. मग दुसऱ्या फांदीवर नवं घरटं बांधलं. साधं घरटं, काडीकाटक्यांचं. आत कापूसच कापूस.

ठिणगी आत शिरली. आधी एक पंजा टेकवला. मग पोट टेकवलं. थोडी थांबली.

"चावतं का गं?" आईनं विचारलं.

पण ठिणगी ऐकतेय कुठं! तिला झोप लागली होती.

सकाळ झाली. सगळे डोकावले. पुरळ परत आलं का?

नाही आलं! ठिपके फिके झाले होते. मग आणखी फिके झाले. मग शोधूनही सापडेनात.

"मी म्हटलंच होतं, उष्णता!" साळुंकी मावशी म्हणाली.

"घू घू! दातच ते!" होला काका म्हणाले.

"चिव चिव! दृष्ट माझ्यामुळे उतरली!" चिमणी काकू म्हणाली.

आई दारात येऊन उभी राहिली. तिनं शेपटी फुगवली. पाय आपटला, पण अगदी हळूच. थप.

"शूऽऽ! हळू बोला. माझी लेक झोपलीय."

खाज गेली मातीत,
झोप आली पापणीत,
गोष्ट राहिली कानात!