साहेबांचा पहिला नंबर

आमच्या महाविद्यालयात नवीन काहीही आले, पंखा असो की खुर्ची, ते आधी प्राचार्य वडनेरे यांच्या केबिनमध्ये जायचे. यंदा सगळ्या संगणकांसाठी मिळून सॉफ्टवेअरचा एकच परवाना घेतला होता. तो चालू झाल्याशिवाय परीक्षा विभागाला हॉल तिकिटे छापता येणार नव्हती, आणि परीक्षा तर परवावर आली होती. तरी वडनेरे सरांनी संगणक विभागाच्या सुलभा खांबेटेंना बजावले, “माझा संगणक सुरू झाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या संगणकाला हात लावायचा नाही!”

सुलभाताईंनी हुकूम पाळला. पडद्यावर नकार उमटला.

“हे काय? मला नकार?” सर गरजले. परीक्षा विभागाची मंडळी दारात गोळा झाली.

“नकार कसला, सर?” सुलभाताई म्हणाल्या. “पहिला नंबर तुमचाच लागलाय. पण पंचवीस संगणकांनी मागितल्याशिवाय आपला सर्व्हर कुणालाच परवाना देत नाही. पुढारी तर तुम्ही झालातच. आता मागे चोवीस जण उभे करू का?”

दारात कुणीतरी खोकल्यात हसू दडवले. सरांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा दाराकडे.

“करा,” ते म्हणाले, “आणि जरा भराभर करा.”