जोडखडकातली खिंड

देवखोलच्या खाडीच्या तोंडाशी काळ्या कातळाची लांब रांग आहे, जोडखडक, आणि ती मधोमध फुटलेली आहे. होडीवाले यशवंतआबा पाहुण्यांना तिथे नेतात, पण खिंडीजवळ आले की इंजिन बंद करतात. हा खडक पूर्वी अखंड होता, असे ते सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात या पाण्याखाली कोणीतरी सुरुंग पेरले होते. ते काढायला सरकारची एक बोट आली. मूळची मासेमारीची, लढाईसाठी करड्या रंगाने रंगवलेली. मागे जाड तार ओढत ती मोठ्या जहाजांची वाट झाडून द्यायची, म्हणून गाव तिला केरसुणी म्हणे. तिच्या जोडीची बोट सुरुंगावर जाऊन खलाशांसकट बुडाली होती. केरसुणी मात्र लढाई संपेपर्यंत झाडत राहिली. तिच्यावर गावचाच बाबल तारी खलाशी होता. लढाई संपल्यावर तिला घाईने दुसरीकडे बोलावले. बोटीवरच्या साहेबाने वाट साफ झाल्याचे कळवले. पण जोडखडकाजवळचे पाणी झाडायचे राहिले होते.

नोकरी सुटून घरी आल्यावर बाबल हे सगळ्यांना सांगत फिरला. नारळी पुनवेला पहिली होडी काढायचा मान अंता नाखव्याचा, म्हणजे बाबलच्या थोरल्या बहिणीच्या, मथूच्या नवऱ्याचा. तो हसला.

"लढाई संपली, बाबल्या. आमच्यो होड्यो वैशाखापर्यंत गेल्यो-इल्यो, तेव्हा तुझो सुरुंग खंय होतो? झोपलो होतो?"

"झोपलो नाय, भावोजी. साखळीक बांधून खाली उभो आसा. तुम्ही भरतीवर जात होतात. पुनवेच्या सुकतीक पाणी उतरला काय होडी तेका लागतली."

नारळ सोडून ओहोटीबरोबर बाहेर पडायचे, ही तिथली जुनी रीत. आणि पुनव-अवसेची ओहोटी सगळ्यांत खोल. पण एका खलाशाच्या सांगण्यावरून मानाची होडी थांबवायची कशी? नाखव्याने ढोल सांगितले. मथूने नवऱ्याला रात्रभर विनवले, म्हणे. सकाळी तो नवा फेटा बांधून देवळात गेला.

खडकाजवळचे पाणी झाडायला बाबलला दोन होड्या हव्या होत्या आणि दुसरी वल्हवायला कोणी येईना. मथू पदर खोचून होडीत बसली. बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही, हीही त्या गावचीच रीत. दोघांच्या मध्ये दगड बांधलेला दोर पाण्याखालून ओढत ती दोघे जोडखडकापर्यंत गेली. तिथे दोर ताणला आणि अडकला. मथूने वल्हे जोरात मारले. दोर हलला नाही. खाली काय आहे ते तिला दिसत नव्हते, पण हाताला त्याचे वजन कळत होते.

"सोड दोर," बाबल म्हणाला. "जा, भावोजींका थांबव."

"आणि तू?"

"मी हंयच ऱ्हवतंय. खुणेक तरंगतो भोपळो ठेवलो तर तुझो घोव तो बाजूक सारतलो. माणसाक सारूचो नाय."

ती परतली तेव्हा ढोल वाजत होते आणि नाखव्याची होडी सुटली होती. तिने आपली होडी वाटेत आडवी घातली.

"जावचा आसात तर माझ्या अंगावरसून जावा."

नवरा ओरडत होता, मागच्या होड्यांतले लोक हसत होते. पाणी उतरत गेले. मग बाबलच्या होडीजवळ घागरीएवढे काहीतरी काळे वर आले आणि हसणे थांबले. बाबलने होडी मागे घ्यायला वल्हे मारले होते, असे बघणारे सांगत. ओहोटीची ओढ त्याच्यापेक्षा मोठी होती.

खडक फुटला तो तेव्हा. बाबलचे काहीच सापडले नाही.

आजही देवखोलला पुनवेच्या दिवशी पहिल्या दोन होड्या बायका काढतात. मध्ये दोर ओढत त्या खिंडीपर्यंत जाऊन येतात. तोवर ढोल वाजत नाही आणि मानाची होडी वाळूवरच थांबते. कोणी पाहुणा विचारतो, आता कशाला, आता तर पाणी साफ असेल ना?

आबा म्हणतात, "एक गावलो. किती ऱ्हवले, ता बाबलाक ठावक होता."