दमट फुलवात

देवघरातल्या वस्तू आपसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. श्रावणातल्या शुक्रवारी तिथे फुलवातींची परीक्षा असे. काडीबाई प्रत्येकीच्या डोक्याला एकदाच शिवायची. पेटेल ती आरतीला, न पेटेल ती समई पुसायला.

पिंजी नावाची फुलवात कुणीतरी ओल्या हातांनी वळली होती. गेल्या शुक्रवारी ती नुसतीच चरचरली आणि बाकीच्या वाती खुदखुदल्या. आज काडीबाई जवळ येताना दिसली, तशी पिंजीने निरांजनात मान टाकली आणि झोपेचं सोंग घेतलं.

शेजारच्या वाटीतून कापूरमामा हळूच म्हणाला, "झोप आली, की भीती वाटली?"

"झोपले तर आळशी म्हणतील. जागी राहून पेटले नाही, तर ढ म्हणतील. त्यापेक्षा आळशी बरी, मामा."

मामाला हसू आलं. टुणकन उडी मारून तो तिच्या डोक्यावर जाऊन बसला. "मग तू झोपच. मी पेटतो."

"ही कॉपी झाली," काडीबाई कडाडली.

"अगं, पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतातच ना?" समईमावशी म्हणाली. "तू लाव."

मामा भुर्रकन पेटला. त्याच्या आचेने पिंजीचा ओलावा उडून गेला. आरती सुरू झाली, रंगली. शेवटच्या कडव्याला पिंजी कुरकुरली, "मामा, आता उतरा की. मला नीट जळू द्या."

वर नुसता कापराचा वास होता.

"मामा पहिल्या कडव्यालाच गेला, बाई," समईमावशी म्हणाली. "झोपेत बरी जळतेस हो."