दोराचं गाव आणि डोंगरावरचा वस्ताद

फार जुन्या काळची गोष्ट आहे. मुलांनो, तुमच्यासाठी आहे, आणि तुमच्या मागे बसून ऐकत नसल्याचा आव आणणाऱ्या मोठ्यांसाठीही आहे.

एका राज्यात एक मोठी नदी होती. एका जागी ती खडकांतून इतक्या जोरानं उतरायची, की वर जाणाऱ्या नावा तिथे अडायच्या. मग काठावरची माणसं नावेला दोर बांधून ती वर ओढून नेत. डाव्या काठाच्या गावातली माणसं स्वतःच्या खांद्यांनी नावा ओढत. उजव्या काठाची माणसं बैल जुंपत.

नावा थोड्या आणि पोटं जास्त. त्यामुळे दोन्ही काठ भांडत. मग राजानं एक रीत घालून दिली. दर वर्षी नदी आटली, की मधल्या वाळूत दोन्ही गावांनी चेंडू खेळायचा. अकरा गडी इकडचे, अकरा तिकडचे. काथ्याचा, वरून कातडं शिवलेला चेंडू, आणि तो फक्त पायानं मारत समोरच्यांच्या दोन बांबूंमधून पार करायचा. जो काठ जिंकेल, त्यानं वर्षभर नावा ओढायच्या. जो हरेल, त्यानं परमुलखात काम शोधायचं. ज्या काठाचे अकरा गडी उभे राहणार नाहीत, त्याचा हक्क कायमचा संपायचा.

डावा काठ पुष्कळ वर्षं जिंकत होता. मग एका वर्षी हरला. एकाच चेंडूनं हरला, पण वर्षभर गाव रस्त्यावर राहिलं. त्या वर्षात सहा म्हातारी माणसं गेली, चार लेकरं गेली. त्यांतली एक रवळूची मुलगी होती. रवळू हा खेळणाऱ्यांचा म्होरक्या.

पुढचा खेळ कसाबसा जिंकून गाव परत आलं आणि पारावर बसलं. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं : आता हरून चालणार नाही. डोंगरावरच्या मेंढपाळांचा वस्ताद मोठा नावाजलेला आहे, त्याला आणू.

वस्ताद आला. त्याच्याबरोबर सामान नव्हतं आणि माणूसही नव्हतं. डोंगरावर तापाची साथ येऊन गेली होती. त्यानं तयार केलेले अकरा गडी त्या साथीत गेले होते. त्यांत त्याचा मुलगा बिरू होता.

त्याबद्दल कोणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूत उभा राहिला आणि म्हणाला, "पांगा."

"म्हणजे?" रवळूनं विचारलं.

"म्हणजे लांब लांब उभे राहा. एकाचा हात दुसऱ्याला लागता कामा नये. चेंडू लांब मारायचा आणि त्याच्यामागे हरणासारखं सुटायचं."

गडी एकमेकांकडे पाहू लागले. त्यांचा खेळ असा नव्हता. ते खांद्याला खांदा लावून हळूहळू पुढे सरकत. चेंडू या पायातून त्या पायात, त्या पायातून या पायात. नाव ओढताना एकानं दोर सोडला तर बाकीचे घसरत जातात. म्हणून एकमेकांपासून दूर जायचं नाही, हे त्यांच्या अंगातच होतं.

"वस्ताद," दौलू नावाचा एक जाडजूड गडी म्हणाला, "आमच्या पायांना धाव म्हटलं, तर ते आधी विचारतात, कुठं आग लागली?"

सगळे हसले. वस्तादही थोडा हसला. मग म्हणाला, "शिकाल. माझी पोरंही पहिल्यांदा असंच म्हणायची."

आठ महिने तो शिकवत राहिला. मन लावून शिकवत राहिला, हे खरं सांगायला हवं. तो वाईट माणूस नव्हता. कोणाचा पाय मुरगळला, तर स्वतः तेल चोळायचा. भाकरी आधी पोरांना, मग स्वतःला. म्हणून पोरांचा त्याच्यावर जीव जडला. त्यांचं वजन उतरलं, धाप लागू लागली, पण तक्रार कोणी केली नाही.

नाव ओढताना हाळी द्यायचं काम धुरपाआत्याचं होतं. तिच्या हाळीवर सगळ्यांची पावलं एकदम पडत. एके दिवशी ती वाळूत आली.

"वस्ताद, तुम्ही आठ महिने इथं आहात. आमची पोरं दोर कसा ओढतात, ते पाहायला एकदा तरी आलात का?"

"आत्या, मी खेळ शिकवायला आलोय. दोर त्यांना येतोच."

"तेच म्हणते मी. जे येतं, ते बघून तरी घ्या. गवताळ डोंगरावर पळणं वेगळं. ही वाळू आहे. पाय खाते."

"माझा बिरू कुठेही पळाला असता," वस्ताद म्हणाला.

धुरपाआत्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण ती बोलली नाही, परत गेली.

खेळाचा दिवस आला. दोन्ही काठ माणसांनी भरले. रवळूची बायको भागू पुन्हा पोटुशी होती. ती काठावरच्या दगडावर बसली होती. सकाळी ती रवळूला एवढंच म्हणाली होती, "हे लेकरू तरी घरात होऊ दे."

ढोल वाजला. डावा काठ पांगला आणि धावला. उजव्या काठाला हे अपेक्षित नव्हतं. ते गोंधळले, आणि पहिला चेंडू त्यांच्या दोन बांबूंमधून पार गेला. काठावर एकच आरोळी उठली. वस्तादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण सूर्य चढला आणि वाळू तापली. जडशीळ पाय वाळूत रुतू लागले. एक गडी इथे, दुसरा शंभर पावलांवर. मध्ये मोकळी वाळू. उजव्या काठाचे लोक त्या मोकळ्या वाळूतून आरामात चालत आले. एक चेंडू डाव्या काठाच्या बांबूंमधून गेला. मग दुसरा गेला.

मधल्या विसाव्यात दौलू ओकत होता. रवळू वस्तादाजवळ आला.

"वस्ताद, एक मागतो. उरलेला वेळ आम्हाला आमच्यासारखं खेळू द्या. जवळ जवळ. एकच चेंडू फेडायचा आहे. बरोबरी झाली तर जुन्या रीतीनं अर्ध्या नावा आपल्या. गाव राहील."

वस्तादानं त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. तो रवळूकडे पाहत होता, पण त्याला दुसरंच कोणी दिसत होतं.

"नाही रे बिरू," तो म्हणाला. "तू फक्त धाव."

कोणी हसलं नाही. आपण काय बोललो, हे वस्तादाला कळलं नव्हतं. बाकी सगळ्यांना कळलं होतं. रवळूला नाही म्हणता आलं असतं. पण मुलगी गेल्यानंतर तोही कितीतरी दिवस दुसऱ्यांच्या मुलींना तिच्या नावानं हाक मारत होता. त्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

ते धावले. धावता येईनासं झालं, तेव्हा चालले. शेवटी ऊन कललं. थकलेली माणसं न ठरवता एकमेकांकडे सरकू लागली. दौलूचा खांदा रवळूच्या खांद्याला लागला. तिसरा आला, चौथा आला. काठावरून धुरपाआत्यानं आपसूक हाळी दिली. पावलं एकदम पडू लागली. चेंडू या पायातून त्या पायात. उजव्या काठाचे गडी अंगावर आले आणि बाजूला फेकले गेले. बांबू वीस पावलांवर आले. मग दहा.

वस्ताद वाळूच्या कडेला धावत आला. त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. त्याला वाटलं, पोरं घाबरून गोळा झाली.

"पांगा!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "अरे, पांगा!"

आठ महिन्यांची सवय. ते पांगले.

चेंडू मोकळ्या वाळूत एकटाच उरला. उजव्या काठाच्या एका गड्यानं तो दूर मारला, आणि खेळ संपल्याचा ढोल वाजला.

मग वस्तादानं विचारलं, "ते मघाशी काय होतं? तुम्ही सगळे मिळून चालत होता, ते?"

"तो आमचा खेळ होता," रवळू म्हणाला.

वस्ताद वाळूत खाली बसला. उजव्या काठानं ढोलताशे लावले होते, ते ऐकत बसला. नंतर त्यानं गावासमोर हात जोडले. "मला शिक्षा करा," म्हणाला.

"शिक्षा करून गाव राहणार आहे का?" धुरपाआत्या म्हणाली. "चूक आमचीही आहे, बाबा. तुमचं दुःख आम्हाला दिसत होतं. म्हणून आम्ही गप्प बसलो."

तिसऱ्या दिवशी गावानं घरं बंद केली. वस्तादानं रवळूला विचारलं, "मी येऊ का? ओझं उचलेन."

"या," रवळू म्हणाला. "भागूला जपून चालावं लागतं. आमच्या चालीनं चाला म्हणजे झालं."

वाटेत भागू बाळंत झाली. मूल जगलं. भागू राहिली नाही. पावसाळ्यात धुरपाआत्या गेली. काम एका जागी मिळेना, म्हणून घरं तीन दिशांना फुटली, आणि काहींचा पत्ताही उरला नाही.

पुढल्या वर्षी खेळाच्या दिवशी डाव्या काठावर सातच गडी परतले. रवळू मुलाला पाठीशी बांधून आला होता. दुपारपर्यंत त्यांनी वाट पाहिली. अकरा भरले नाहीत. राजाच्या माणसानं उजव्या काठाच्या बाजूनं ढोल वाजवला, आणि ते सात जण उठून चालू लागले. सर्वांत मागे वस्ताद होता. त्या काठावर त्यानंतर गाव वसलं नाही.

बोध : ज्यांना शिकवायचं, ती माणसं कशी आहेत हे आधी डोळे उघडून पाहावं. आपण गमावलेल्यांना त्यांच्यात शोधत राहिलो, तर ही माणसंही आपल्या हातून जातात.