रोजचा पोचा

त्या राज्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नसे. ‘येतो’ म्हणत. शेजारी मीठ मागून उठला तरी ‘येतो’, आणि परमुलखाला कायमचा निघाला तरी ‘येतो’. म्हातारं गिधाड शेवटचं उडालं तेव्हा तेही ‘येतो रे’ म्हणूनच उडालं, आणि त्याची बसायची फांदी पुढं कितीतरी दिवस कुणी ना कुणी झाडून ठेवत होतं. उन्हाळ्यात ओढासुद्धा ‘येतो’ म्हणून आटायचा. तो खरोखर यायचा, ही गोष्ट वेगळी. पण यामुळं झालं असं, की कोण परतणार आणि कोण नाही हे कुणालाच कळत नसे, आणि जवळजवळ प्रत्येक दारात कुणीतरी कुणाची तरी वाट बघत बसलेलं असे. एकटेपणाला तिथं वेगळा शब्द नव्हता. ‘वाट बघतोय’ म्हटलं की ऐकणारा समजून घ्यायचा.

तळ्याकाठच्या उंबराच्या बुंध्यात घणोबा तांबटाची ढोली होती. जातीचा तांबट पक्षी, तांबं ठोकणं हाच पिढीजात धंदा. पत्रा पुढ्यात आला की टुक टुक सुरू. घागर, हंडा, गडू, जे काय असेल ते आकाराला आलं की त्याच्या अंगावर हातोडीचे बारीक बारीक ठोके उठवायचे. या ठोक्यांच्या नक्षीला मठारकाम म्हणतात. त्यानं भांडं बळकट होतं आणि त्याला चेहराही येतो. घणोबाचं मठारकाम असं, की डोळ्यांनी अधू असलेल्या चिचुंद्रीनं नुसता पंजा फिरवून सांगावं, “ही घणोबाची घागर, पैज लावा.” आणि त्याच्या कुठल्याही दोन भांड्यांचा चेहरा सारखा नसे.

“कसं हो सुचतं तुम्हाला?” असं कुणी विचारलं की घणोबा हातोडी खाली ठेवायचा. “मला कुठलं सुचतंय! लहर येते.”

लहरीला त्या राज्यात कुणीही पाहिलेलं नव्हतं. ती येऊन गेली की उंबरठ्यावर ओली पावलं दिसत, एवढीच तिची खूण. खाली वाकून नीट बघेपर्यंत तीही वाळून जात. घणोबाच्या ढोलीला तेव्हा एकच दार होतं, तळ्याच्या अंगाला, ठेंगणं, वाकून आत शिरावं लागे असं. दारासमोर बारमाही चिखल. बेडकांची भांडणं, शेवाळाचा वास, कुणाच्या पिल्लांचं रडणं, सगळं त्या दारातून सरळ आत यायचं. घणोबा वैतागायचा आणि ठोकत राहायचा.

मग राजाला त्याची एक घागर आवडली आणि घणोबा दरबारी तांबट झाला. आता दरबारी माणसाला चिखलातलं दार शोभतं का? सुतारपक्षी आले. त्यांनी राजरस्त्याच्या बाजूनं नवं दार कोरलं, चांगलं उंच, वर वेलबुट्टी, खाली गुळगुळीत उंबरठा. जुन्या दाराला त्या दिवसापासून ‘मागचं दार’ हे नाव पडलं, आणि मोडकी भांडी त्याच्याच पुढ्यात रचून ठेवायची पद्धत पडली.

सुतारांचा ठोकाठोकीचा कल्ला चालू असतानाच बाहेरून कुणीतरी म्हणालं, “येते हं.”

आवाज कुणाचा ते त्या गोंधळात नीट कळलं नाही. पण घणोबानं ठरवूनच टाकलं. लहरच ती, दुसरं कोण? बरं, जाताना ‘येते’ म्हणाली आहे म्हणजे यायचीच. आणि आता यायची ती अर्थातच नव्या दारानं.

तो वाट बघायला लागला. रोज सकाळी नवा उंबरठा झाडायचा, पुसायचा, कोरडा ठणठणीत करायचा. ओलं पाऊल उमटलं तर चटकन दिसावं म्हणून. मोर यायचे, पोपट यायचे, “वा घणोबा, काय दार आहे!” म्हणायचे. सगळे पाय पुसून आत येणारे. तांब्याचा पत्रा कोपऱ्यात काळवंडत गेला. पाहुणे निघताना सगळेच्या सगळे ‘येतो’ म्हणत, आणि ते गेले की ढोलीत नुसती दाराची सावली उरे. घणोबाला भरल्या घरात इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी दरबारचा हुजऱ्या हुदहुद आला. तुरा सारखा करत म्हणाला, “महाराजांच्या स्नानाला घंगाळ हवंय. आजवर कुणी पाहिलं नसेल असं मठारकाम. पळसाची फुलं गळायच्या आत.”

“आणि नाहीच झालं तर?”

“तर तुमची हातोडी आम्ही सन्मानानं घेऊन जाऊ. दरबारच्या भिंतीवर टांगू. हाराबिरासकट.” हुदहुद गोड हसला. “येतो.”

त्या भिंतीवर काय काय टांगलेलं आहे हे घणोबानं पाहिलं होतं. ज्यांना पुढं काही सुचेनासं झालं, त्यांची हत्यारं तिथं ओळीनं लटकत होती. सगळी लखलखीत पुसलेली. त्यांच्या मालकांचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नसे.

हे सगळं चालू असताना एक जण मात्र मागच्या दाराशी रोज यायची. टिटवी. तिला सगळे टिटूबाई म्हणत, पण घरी बोलवत नसत. तिचा आवाज कर्कश, आणि ती ओरडली की काहीतरी वाईट होतं अशी बोलवा. तळ्याच्या काठावर, गोट्यांमध्ये, ती एकटीच राहायची. तिच्याकडं तांब्याचा एक छोटा गडू होता, फार जुना, घणोबानंच कधीतरी घडवलेला.

“अहो घणोबा, आहात ना? बघा की, गडूला पोचा आलाय.”

“बाई, आजसुद्धा?”

“आता आला त्याला मी काय करू!”

घणोबा कुरकुरत उठायचा, मोडक्या भांड्यांच्या ढिगावरून गडू घ्यायचा, न बघताच दोन ठोके मारून पोचा काढायचा. तेवढ्या वेळात टिटूबाईचं तोंड चालू. “आज काय गंमत झाली ठाऊक आहे? एक खेकडा स्वतःच्याच सावलीला नांगी दाखवत होता. मी म्हटलं, मेल्या, ती तूच आहेस! ऐकेना.” किंवा, “पावसाचा एकच थेंब पडला हो. एकच! पण त्याचं वर्तुळ पार पलीकडच्या काठापर्यंत गेलं. मी त्याच्याबरोबर चालत गेले.” घणोबाचं लक्ष पुढच्या दाराकडं असे. तो नुसतं “हं” म्हणे. टिटूबाई गडू घेई, ‘हं’ जरा लांबवून “येते हंऽ” म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, पुन्हा पोचा. त्या अख्ख्या राज्यात ‘येते’ म्हणून दुसऱ्या दिवशी न चुकता येणारी बहुधा ती एकटीच होती. पण मागच्या दारानं येणाऱ्याला आलेलं कोण धरतं!

पळस झडायला लागला. हुदहुद रस्त्यानं उगाचच फेऱ्या घालू लागला. अशातच एका सकाळी घणोबाला वाटलं, नव्या उंबरठ्यावर काहीतरी चमकलं. ओलं पाऊल? तो धावला, आणि नेमकी मागून हाक आली, “अहो घणोबा, आहात ना?” तो वळला, परत फिरला, पाहतो तर उंबरठा कोरडा. ऊन चमकलं होतं, दुसरं काही नाही. त्याचा तोल सुटला.

“एकाच गडूला रोज पोचा येतोच कसा हो तुमच्या?” तो ओरडला. “तुमच्या या कटकटीमुळंच ती यायची राहिली! माझी हातोडी जायची वेळ आली, आणि तुम्हाला खेकड्याच्या गमती सुचतायत!”

टिटूबाईनं ढिगावरचा गडू उचलला, पोचा तसाच. वळली, आणि हळूच म्हणाली,

“जाते.”

उंबराच्या फांदीवर खार दाणा कुरतडत होती, तिच्या हातून तो निसटला. बेडूक थांबले. तो शब्द त्या राज्यात कुणी उच्चारत नसे. टिटूबाईनं तो उच्चारला, आणि जी एक गोष्ट त्या राज्यात कुणाच्याच वाट्याला येत नसे ती घणोबाच्या वाट्याला आली. कोण परतणार नाही, हे त्याला पक्कं कळलं.

पहिल्यांदा बरं वाटलं. शांतता मिळाली. दुसऱ्या दिवशी, तिची यायची वेळ झाली तेव्हा, त्याचा हात आपोआप हातोडीकडं गेला आणि तिथंच राहिला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की एवढ्या दिवसांत आपण जे काही ठोकलं ते तिच्या गडूचे दोन ठोके, तेवढंच. बाकी टुक नाही की काही नाही. मोर येऊन गेले, पोपट येऊन गेले, त्याला कुणाशी बोलवेना. पावसाचा एक थेंब आणि त्याच्याबरोबर चालत जाणारी एक टिटवी, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला तेव्हा विचारायला हवं होतं, वर्तुळ काठाला लागल्यावर पुढं काय झालं? विचारलंच नाही. आणि ‘येते हंऽ’ हे असं लांबवून म्हणताना आपण पहिल्यांदा कधी ऐकलं? सुतारांच्या ठोकाठोकीत? छे, तेव्हा आपण नीट ऐकलंच कुठं होतं.

तो उठला आणि मोडक्या भांड्यांचा ढीग एकेक करून बाजूला करू लागला. मागचं दार उघडं झालं. शेवाळाचा वास आत आला.

हा उंबरठा कुणी कधी पुसला नव्हता. त्यावर गाळाचा थर साचला होता, आणि थरावर पावलं. नवी, जुनी, एकमेकांवर पडलेली. तळ्यातून ओलीच आलेली आणि इथं वाळलेली. घणोबा वाकला. राज्यातल्या इतर पाखरांना मागंही बोट असतं, त्याचा ठसा उठतो. या पावलांना पुढची तीनच बोटं. त्यानं चोचीनं वरचा थर हलकेच खरवडला. खाली जुना थर, नव्या दाराच्या आधीचा, घागरी-हंड्यांच्या दिवसांतला. तिथंही पावलं होती. तीन बोटांची.

मग काळवंडलेला पत्रा ओढत त्यानं मागच्या दारात आणला आणि चिखलाकडं तोंड करून बसला.

पळसाचं शेवटचं फूल गळालं तेव्हा हुदहुद हार घेऊन आला. पुढच्या दारावर त्यानं रीतसर टकटक केली, पुन्हा केली. तोरण वाळलेलं, उंबरठ्यावर धूळ. आतून कुठूनतरी टुक टुक ऐकू येत होतं, पण दरबारच्या माहितीप्रमाणं त्या घराला दुसरं दार नव्हतं. “कुणी नाही,” असं म्हणून तो हार घेऊन परत गेला.

टुक टुक तळ्यावरून पसरत गेलं. घंगाळाच्या अंगावर तीन बोटांची पावलं उमटत होती, एकामागं एक, वर्तुळात, काठाकडं चालत निघाल्यासारखी. दर थोड्या ठोक्यांनी घणोबा थांबायचा, पाण्याकडं बघायचा, मग पुन्हा ठोकायचा.

पलीकडच्या काठावर, गोट्यांमध्ये, टिटूबाईनं मान वर केली. बराच वेळ ऐकलं. बाजूला पडलेला गडू हातात घेतला. त्या दिवशीचा पोचा त्यावर होताच. तो तिनं न्याहाळला. लहान वाटला. मग तिनं गडू खडकावर आणखी एकदा आपटला, आणि तशीच ओल्या पायांनी निघाली.