निंबारी स्टेशनच्या भिंतीचा बाक

निंबारी स्टेशनवर उतरून तिकीट खिडकीच्या बाजूने बाहेर आलं की काळ्या दगडाची जुनी भिंत दिसते. मोठ्या रस्त्याकडून ती अगदी सुतात येते, आणि मध्येच एकदम आत वळून फलाटाला जाऊन टेकते. त्या वळणाच्या पोटात सुपाच्या आकाराची मोकळी जागा आहे. एक चिंच, एक रांजण, बसायला लांब ओटा, एवढंच. गावाकडून येणारा माणूस त्या जागेतून थेट फलाटावर चढतो. तिला आम्ही केवळाईचं अंगण म्हणतो.

नवा माणूस ते बघतो आणि हसतो. बांधणाऱ्याची मोजणी चुकली म्हणतो. परवा स्टेशन नवं करायचा आराखडा घेऊन साहेब लोक आले, तेही तेच म्हणाले, आणि हा बाक काढून भिंत सरळ करणार म्हणाले. गावात कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आमच्या सासूबाईंनी सांगितलं असतं. त्या सांगतात तसंच मी सांगते.

रेल्वे निंबारीला नवीन आली तेव्हाची ही गोष्ट. स्टेशन बांधून झालं होतं, भिंत व्हायची होती. चिंचेखाली तेव्हाही बायका लेकरं घेऊन गाडीची वाट बघत बसायच्या. कोणी लेकराला पाजायची, कोणी भाकरी सोडायची. गावाची पायवाट त्याच सावलीतून फलाटाला जायची. मग कंपनीच्या साहेबाच्या मनात आलं, की मोठे लोक बग्ग्यांतून येतात, त्यांच्या नजरेला हे सगळं पडायला नको. त्याने चुन्याची फक्की टाकून रस्त्यापासून पार मालधक्क्यापर्यंत सरळ रेघ मारली. रेघेच्या आत बग्ग्या, बाहेर गाव. गावाने मालधक्क्याला वळसा घालून गिट्टीवरून यायचं. भिंत उठेपर्यंत रेघेवर शिपाई उभा केला. ज्यांची वाट बंद केली त्यांना सांगायचंसुद्धा त्याला सुचलं नाही, असं म्हणतात.

त्याच आठवड्यात केवळाबाई नावाची एक बाई तापाने फणफणलेलं तान्हं लेकरू घेऊन आली. जिल्ह्याच्या दवाखान्याला जायला दिवसाकाठी एकच गाडी होती. गाडी समोर उभी. मधे फक्त ती पांढरी रेघ. शिपाई गावचाच, तिला ओळखणारा, पण नोकरीला घाबरला आणि आडवा आला. केवळाबाईने हात जोडले म्हणे, पदर पसरला म्हणे. शेवटी ती मालधक्क्याकडून पळाली. उन्हाने गिट्टी तापलेली, पायात काही नाही. गाडीने शिट्टी दिली तेव्हा ती अजून गिट्टीवरच होती.

लेकरू चिंचेखाली तिच्या मांडीवर गेलं. संध्याकाळची उन्हं उतरायच्या आत.

माझी धाकटी दम्याची आहे. महिन्यातून एकदा तिला कडेवर घेऊन मी याच अंगणातून सकाळची पॅसेंजर धरते. ओट्यावर बसून तिचा श्वास खाली बसू देते, मग डब्यात चढते. म्हणून ही गोष्ट मला नुसती ऐकता येत नाही.

केवळाबाईचं सुतक फिटलं. त्या दिवशी घर सारवून दारात रांगोळी काढायची असते. तिने घर सारवलं आणि दार तसंच कोरडं ठेवलं. वाट मोकळी होत नाही तोवर माझ्या दारात रांगोळी पडायची नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. शेणाची बादली उचलून ती फटफटताना स्टेशनवर गेली आणि चुन्याच्या रेघेवर सडा टाकत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सडा वाळल्यावर तिने रांगोळी काढली. फूल नाही, वेल नाही. पायवाट होती तिथे दोन रेघा आणि सावली पडायची तिथे गोल.

शिपाई धावत आला. हे काय चालवलंय म्हणाला. ती मान वर न करता म्हणाली, "अंगण झाडतेय. माझं लेकरू जिथं गेलं ते माझंच अंगण."

साहेबाने रेघ पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी सडा पुन्हा पडला. आता तिच्या गल्लीतल्या बाया सोबत होत्या. मग कुंभारगल्लीतल्या आल्या, मग वेशीबाहेरच्या. रोज नव्या बाईच्या हातात रांगोळी. आपल्याला काय लागतं ते प्रत्येकीने भुईवर काढून दाखवलं. इथे बाळंतिणीला आडोसा, इथे म्हाताऱ्यांना ओटा, इथे पाण्याचा रांजण. भांडणंही झाली. एकीने ओटा जरा लांब काढला तर दुसरी म्हणाली, "अजून हातभर वाढव गं, तुझी सासू गाठोड्यासकट बसती." रांजण एक की दोन यावर तर बोलणं फार वाढलं. तेव्हाचा काळ तसा होता, वेशीबाहेरच्यांनी वेगळं प्यावं असं म्हणणाऱ्या निघाल्याच. केवळाबाई एवढंच म्हणाली, "त्या दिवशी कुणी पाण्याचा थेंब दिला असता तर मी जात विचारली असती का?" भुईवर रांजणाचा गोल एकच राहिला.

साहेबाला काय, तो बुटानं तुडवत गेला. गावच्या गवंड्यांनी कामाला नाही म्हटलं तर त्याने तेलंगणातून गवंडी आणले. या लोकांना निंबारीशी काही देणंघेणं नाही, हे मुकाट पाया खणतील, असा त्याचा हिशेब. इथे तो फसला. त्या गवंड्यांच्या बायका पालासमोर रोज सकाळी तांदळाच्या पिठाची रांगोळी काढत होत्या. त्याला कधी दिसली नव्हती, कारण तो तिकडे कधी फिरकलाच नव्हता. गवंडी पहारी घेऊन आले, भुईकडे बघितलं, चपला काढल्या आणि कडेला बसून राहिले. त्यांचा म्होरक्या पोशेट्टी म्हणून होता. दुसऱ्याच्या अंगणात पाया खणत नाहीत, असं त्याने सांगितलं. साहेब चिडला. इथे घरच नाही तर अंगण कुठलं, म्हणाला.

पोशेट्टीने मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर दिलं. "घर मागं हाय साहेब. तुमी पाठ करून हुबे."

साहेबाने मागे वळून बघितलं. सगळं गाव उभं होतं.

काहीजण सांगतात की तिथे चुना धरतच नव्हता, देवीचा कोप होता. सासूबाईंना याचा फार राग येतो. धरत नव्हता कसा, बाया धरू देत नव्हत्या, असं त्या म्हणतात. कष्ट बायांनी करायचे आणि नाव देवीचं घ्यायचं, हे मलाही पटत नाही.

भिंत शेवटी रांगोळीच्या कडेकडेने बांधली. पोशेट्टीनेच बांधली. बाया जिथे वळल्या होत्या तिथे दगड वळला. त्यानंतर केवळाबाईने आपल्या दारात रांगोळी काढली की नाही, याबद्दल दोन बोलणी आहेत. कोणी म्हणतं काढली. कोणी म्हणतं ती दारापर्यंत आली, चिमूट उचलली आणि तशीच आत गेली.

तेव्हापासून निंबारीत रीत पडली. स्टेशनच्या आवारात काही नवं करायचं झालं तर आधी भुईवर आखायचं, आठवडी बाजाराचा एक दिवस गावाला त्यावरून चालू द्यायचं, आणि बाया जे पुसतील ते पुसू द्यायचं. आतापर्यंतच्या स्टेशन मास्तरांनी ती पाळली. नळ असा आला, दिवे असे आले.

यावेळी तिकीट खिडकीवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र चिकटवलंय. मोबाईल त्याच्यासमोर धरून सूचना पाठवा म्हणतात. बैठक जिल्ह्याला झाली, कामाच्या दिवशी, भर दुपारी. फ्लेक्सवर नव्या स्टेशनचं चित्र आहे. त्यात काचेची दुकानं आहेत, कारंजं आहे, चाकाच्या बॅगा ओढणारी माणसं आहेत. खाली बसलेली एक बाई नाही. कडेवर लेकरू घेतलेली तर नाहीच. अंगणाच्या जागी गाड्या लावायची सोय आहे.

आणि मागच्या बुधवारी मापं घेणाऱ्यांनी चिंचेच्या बुडातून लाल रेघ मारून ठेवली. ऑइल पेंटची. सड्याने ती जात नाही, आम्ही घासून बघितलं.

पण रेघ गेली नाही म्हणून कोणी घरी बसलेलं नाही. आजही निंबारीत उजाडायच्या आत बादल्या निघतात, गल्लीवार, आणि त्या लाल रेघेवरून आमची पांढरी रांगोळी पलीकडे जाते. काल ओटा काढला, आज आडोसा काढला. उद्या आमच्या गल्लीची पाळी आहे. श्वास लागलेलं पोर घेऊन फलाटावर जायची वाट कुठून ते मी काढणार आहे. साहेबांना सूचना हव्या असतील तर त्यांनी तेव्हा यावं, आणि बूट बाहेर काढून यावं.