उष्ट्या पत्रावळींचं शेत

खाडीच्या काठावर चिखलखार नावाचं गाव. एका वर्षी शिमगा उरकल्यावर वेलनाथ महाराज तिथल्या मठात येऊन राहिले, हे त्या गावाचं भाग्यच म्हणायचं!

त्या गावात चांगुणा नावाची विधवा राहायची. कार्तिक पौर्णिमेला ग्रामदेवतेच्या नैवेद्याचा भात शिजवण्याचा मान तिच्या घरचा. पण तांदूळ स्वतःच्याच शेतातला हवा, अशी रीत. दोन वर्षांपूर्वी बांध फुटून खाडीचं पाणी तिच्या शेतात शिरलं आणि जमिनीवर मिठाचा पांढरा थर बसला. तेव्हापासून गवताची काडी उगवेल तर शपथ! दोन वर्षं गावाने शेजारचा तांदूळ चालवून घेतला. यंदा पिकलं नाही, तर मान त्र्यंबक खोतांकडे जायचा होता, आणि खोत तर केव्हाचे टपूनच बसले होते.

चांगुणेने महाराजांचे पाय धरले. "सासूनं मरताना हा मान माझ्या ओटीत घातला, महाराज. माझ्या हातून जाऊ देऊ नका."

महाराज म्हणाले, "तुझी जमीन उपाशी आहे गं पोरी. देवाला वाढायचंय ना? आधी तिला वाढ."

भंडाऱ्यानंतर उष्ट्या पत्रावळी खाडीत फेकायची गावाची चाल. महाराजांनी त्या चांगुणेच्या शेतात टाकायला लावल्या. वर मठातलं शेण, करंजाचा पाला. बिचारीने पाट्या वाहून वाहून डोक्याचे केस झिजवले! पावसाळ्यात शेत तुडुंब भरू द्यायचं आणि ओहोटीला बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडून खारं पाणी सोडून द्यायचं, असं चारदा झालं. मगच महाराजांनी पेरायला सांगितलं.

खोत भर चावडीवर हसले. "काय गं चांगुणे, देवाला आता उष्ट्यावरचा भात घालणार होय?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "खोत, उष्टं मातीनं खाल्लं, की ते सोवळं होतं."

आणि काय सांगावं! भात कमरेएवढा झाला. चांगुणा रोज बांधावर बसून नुसती बघत राहायची. पण आश्विनी अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि बांधाला पुन्हा खांड पडली. चांगुणा रडत मठात धावली.

महाराज डोळे मिटून बसले होते. एवढंच म्हणाले, "रडतेस काय? घरी जाऊन चूल सारव."

ओहोटी लागल्यावर लोक शेतांकडे गेले. खोतांच्या भातात गुडघाभर खारं पाणी. अन् त्याला लागूनच असलेल्या चांगुणेच्या शेतात? थेंब नाही! लोंब्या आपल्या मजेत डुलत होत्या.

खोत तडक मठात आले. चांगुणा महाराजांचे पाय धुवायला नुकतीच बसली होती. महाराजांच्या गुडघ्यांपर्यंत चिखल, त्यावर वाळलेलं पांढरं मीठ.

"महाराज बांधावर कधी गेले होते?" खोतांनी विचारलं.

"सकाळपासून जागचे हलले नाहीत," सेवेकरी म्हणाले.

खोत पुटपुटले, "चुकलो, महाराज. आता माझ्या जमिनीचं काय?"

महाराजांनी चांगुणेकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "काळजी नका करू, खोत. पौर्णिमेच्या भंडाऱ्याच्या साऱ्या पत्रावळी यंदा तुमच्या शेतात टाकू."

खोतांनी आधी तिला हात जोडले आणि मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठले तेव्हा त्यांच्या ओठांना मीठ लागलेलं होतं.